उतराई कसा होऊ? नागपूरच्या मंडळ्यांतील उपकारस्तुतीची पार्श्वभूमी

दिवाळी उलटते, तूर फुलावर येते, आंबिया बहाराची संत्री हातगाड्यांवर रचलेली दिसू लागतात आणि नागपुरातल्या बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चच्या उपासक समुदायांत) रविवारच्या सूचनांमध्ये एक सूचना वाढते: अमुक तारखेला हंगामाचा सण, सर्वांनी अर्पण आणावे. त्या दिवशी वेदीच्या पायऱ्यांवर कोहळी, लौकी, आवळे, ज्वारीची कणसे आणि घरी केलेली लोणची मांडलेली असतात. शेती आता फार थोड्यांकडे उरली आहे. रेल्वेत, शाळांत, दवाखान्यांत नोकरी करणारी माणसे आदल्या संध्याकाळी कॉटन मार्केटातून भाजी विकत आणतात आणि तीच देवापुढे ठेवतात. उपासना संपली की लिलाव. एकच कोहळे तीनदा विकले जाते, कारण घेणारा पैसे देऊन ते पुन्हा मांडणीत ठेवतो. बाहेरून आलेल्या पाहुण्याला ही गंमत वाटते. पण त्या कोहळ्यामागे बरीच लांबची गोष्ट आहे.

ती शब्दापासून सुरू केलेली बरी. मराठी ख्रिस्ती माणूस देवाचे ‘आभार’ मानतो, पण त्याचा खरा, जुना, उपासनेतला शब्द ‘उपकारस्तुती’ आहे. मराठी बायबलमध्ये तो जागोजागी येतो. शेजारच्या माणसाला हा शब्द सांगितला तर अर्थ कळतो, मात्र तो स्वतः कधी वापरत नाही. आपल्याकडे घरच्या माणसाला धन्यवाद म्हणण्याची पद्धतच नव्हती. आजही नागपुरात कुणाला थँक्यू म्हणा, ‘कायचं थँक्यू जी’ हेच उत्तर येईल. आणि उपकार हा शब्द तर मराठीत जरा जडच. उपकार ‘होतात’ तसे ते ‘ठेवले’ही जातात, ‘फेडावे’ लागतात, न फेडणारा कृतघ्न ठरतो. म्हणजे कर्जाची सगळी भाषा या एका शब्दाला चिकटलेली. तोच शब्द स्तुतीला जोडून देवासाठी वापरायचा, यात एक पेच आहे. मंडळीच्या इतिहासात हा पेच पुन्हा पुन्हा वर आला.

पेच मुळातलाच आहे. बायबलमधल्या 116 व्या स्तोत्राचा कर्ता विचारतो की परमेश्वराने माझ्यावर एवढे उपकार केले, मी त्याचा कसा उतराई होऊ? मराठी बायबलने इथे ‘उतराई’ हा शब्द योजला आणि मराठी कानाला लगेच तुकोबा आठवतात. संतांचे उपकार काय सांगू, त्यांना काय दिले म्हणजे उतराई होईन, पायी जीव ठेवला तरी थोडाच, असे त्यांचे म्हणणे. स्तोत्रकर्त्याचे उत्तर मात्र चमत्कारिक आहे. काय देऊ, असे विचारून तो पुढच्याच ओळीत म्हणतो की मी तारणाचा, म्हणजे मुक्तीचा, प्याला हाती घेईन. फेडायला निघालेला माणूस आणखी घेतो! नवस आणि यज्ञ नंतर येतात, आधी प्याला.

त्या यज्ञाचे नाव हिब्रूत ‘तोदा’. ज्या धातूपासून तो शब्द आला त्याचा अर्थ स्तुती करणे आणि कबूल करणे असा दोन्ही आहे. लेवीय पुस्तकाच्या 7 व्या अध्यायात त्याचे नियम आहेत. बेखमीर पोळ्यांबरोबर खमीर घातलेल्या भाकरीही आणायच्या आणि मांस त्याच दिवशी संपवायचे, सकाळपर्यंत काही उरवायचे नाही. एवढे अन्न एका घराने एका दिवसात संपवायचे म्हणजे चार माणसे बोलावणे आलेच. आजारातून उठलेला किंवा संकटातून सुटलेला माणूस जेवण घालतो आणि जेवताना आपल्याला काय झाले होते ते सांगतो. आपल्या प्रीतिभोजनाचे, म्हणजे मंडळीच्या एकत्र जेवणाचे, आणि ‘साक्ष’ देण्याचे मूळ शोधायचे तर मला ते इथेच दिसते.

येशूने शेवटच्या भोजनात भाकर घेतली आणि उपकारस्तुती करून मोडली. ग्रीकमधले ते क्रियापद ‘युखारिस्तेओ’, त्यात ‘खारिस’ म्हणजे कृपा दडलेली आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा त्यानंतर लवकरच लिहिलेल्या दिदाखे या छोट्या नियमावलीत त्या भोजनाच्या आठवणीच्या विधीचे, प्रभुभोजनाचे, नावच ‘युखारिस्तिया’ आहे. इसवी सन 155 च्या सुमारास रोममध्ये जस्टिन मार्टर याने सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली, तेव्हा रविवारी काय चालते तेही लिहिले. प्रमुख यथाशक्ती उपकारस्तुती करतो, लोक आमेन म्हणतात, गैरहजर असलेल्यांच्या घरी भाकर पोचवली जाते आणि जमलेले दान अनाथ, विधवा, आजारी व कैदी यांच्यासाठी ठेवले जाते. चर्चमधला थँक्स म्हणजे मनातली छान भावना, एवढेच ज्यांना वाटते त्यांनी ही यादी वाचावी. पुढे लॅटिन पश्चिमेत ‘मिस्सा’ हे नाव रुळले आणि कृतज्ञतेचा शब्द नावातून गेला, प्रार्थनेत राहिला. कॅथलिक मिस्सामध्ये धर्मगुरू लोकांना आभार मानण्याचे आवाहन करतो. नागपूरच्या कॅथलिकांनी, ज्यांचा धर्मप्रांत 1887 साली स्थापन झाला, ते आवाहन कित्येक दशके लॅटिनमध्येच ऐकले. लोकभाषेतल्या मिस्साचा मार्ग 1963 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मोकळा केला.

आता नागपूर. 1843 साली दोन गोष्टी घडल्या, एकमेकींशी काही संबंध नसलेल्या. मे महिन्यात स्कॉटलंडचे चर्च दुभंगले आणि फ्री चर्च वेगळे झाले. ऑक्टोबरात इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये मॉर्वेनस्टो गावचा पाळक रॉबर्ट स्टीफन हॉकर याने आपल्या लोकांना नव्या धान्याच्या भाकरीने प्रभुभोजन घ्यायला बोलावले. आजच्या हंगामाच्या सणाची सुरुवात साधारणपणे तिथून धरतात. धान्याची पहिली भाकर वाहण्याची प्रथा इंग्लंडात मध्ययुगातही होती, ती विस्मरणात गेली होती. हॉकर कवी होता आणि थोडा विक्षिप्तही. त्याची कल्पना काही दशकांत इंग्लंडभर पसरली आणि अँग्लिकन लोकांबरोबर वसाहतींत गेली.

फ्री चर्चने पाठवलेला स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरास आला. कामठीच्या छावणीतल्या एका लष्करी अधिकाऱ्याने देऊ केलेल्या रकमेवर हे मिशन उभे राहिले होते, म्हणजे सुरुवातही एका अर्पणातूनच. हिस्लॉपने शाळा काढली, आसपासचे खडक आणि जीवाश्म अभ्यासले आणि 1863 मध्ये टाकळघाटजवळ भरलेल्या ओढ्यात बुडून तो गेला. त्याच्या नावाचे कॉलेज 1883 चे. हंगामाचा सण त्याने आणला असे कुणी सांगितले तर मला पटणार नाही. स्कॉटिश प्रेस्बिटेरियन लोक तेव्हा नाताळही पाळत नसत, मग भाज्यांनी सजवलेली वेदी कुठली? त्यांची उपकारस्तुती वेगळी होती. प्रभुभोजनाचा रविवार वर्षातून एकदोनदाच यायचा, त्याआधी उपासाचा आणि तयारीचा दिवस, आणि नंतरचा सोमवार खास उपकारस्तुतीचा. कामधंदा बंद ठेवून लोक पुन्हा उपदेश ऐकायला जमत. सोमवारी आभार मानायला लावणारे हे लोक कडक होते, पण जेवून झाल्यावर उठून न जाण्याची शिस्त त्यांनी जपली, हे मान्य करावे लागते.

सदरमधले ऑल सेंट्स चर्च 1851 चे, अँग्लिकनांचे. पुढे ते कॅथेड्रल झाले. अँग्लिकन उपासनेत 1662 च्या प्रार्थना पुस्तकामुळे ‘सर्वसाधारण उपकारस्तुती’ ही प्रार्थना आली. ती नॉर्विचचा बिशप एडवर्ड रेनॉल्ड्स याची. बाळंतपणानंतर आईने चर्चमध्ये येऊन करायची उपकारस्तुतीही त्याच पुस्तकात आहे. आपल्याकडे सव्वा महिना पाळणाऱ्या घरांना हा विधी परका वाटण्याचे कारण नव्हते. मेथडिस्टांनी 31 डिसेंबरच्या रात्रीची जागरणाची उपासना आणली. आज नागपुरात पंथ कुठलाही असो, त्या रात्री चर्च भरलेले असते आणि लोक उठून वर्षाचा हिशेब सांगतात.

या सगळ्यात एक गोष्ट कमी बोलली जाते. मिशनच्या काळात ज्याने बाप्तिस्मा घेतला त्याला घर सोडावे लागे, आणि मग शाळा, नोकरी, राहायची खोली, दवाखाना, सगळे मिशनच्या आवारातून मिळे. उपकार खरे होते. पण ज्याच्यावर उपकार आहेत त्याने तक्रार कशी करायची? साहेबाची कृतज्ञता आणि देवाची उपकारस्तुती यांची सरमिसळ झाली. नारायण वामन टिळकांना ही सरमिसळ टोचत होती. त्यांच्या गोष्टीची सुरुवात नागपूरशी जोडलेली आहे: 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. उतराईचा प्रश्न त्यांना दोन्ही तीरांवर भेटला असणार. 1917 मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा भक्तांचा मेळा सुरू केला. देवाचे ऋण मान्य, मिशनचे मिंधेपण नको, असा मी त्याचा अर्थ लावतो.

मिशनच्या हातून मंडळीच्या हाती कारभार यायला आणखी अर्धशतक गेले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी, रविवारी, ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. सोमवारी आभार मानणाऱ्यांचे वारस आणि वेदीवर भाज्या मांडणाऱ्यांचे वारस एका चर्चमध्ये आले. आजच्या एखाद्या मंडळीत हंगामाचा सण, साक्ष आणि जागरण हे सगळे एकाच वर्षात सापडते ते यामुळे.

विदर्भात या विषयाची एक कठीण बाजूही आहे. प्रेषित पौल थेस्सलनीकाकरांस लिहितो, ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’. कापूस हातचा गेला, कर्ज डोक्यावर आहे, शेजारच्या घरात आत्महत्या झाली आहे, अशा गावात हे वाक्य वाचताना पाळकाची जीभ अडखळते. बहुतेक उपदेशक सांगतात की ‘स्थितीत’ म्हटले आहे, ‘स्थितीबद्दल’ नाही, आणि मूळ ग्रीकही तसेच आहे. पण इफिसकरांस पत्रात ‘सर्व गोष्टींबद्दल’ असेही आहे, तेव्हा व्याकरणाने सुटका होत नाही. मला जुन्या करारातला संदेष्टा हबक्कूक जवळचा वाटतो. अंजिराला फूल नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत, हे सगळे तो आधी मोजून सांगतो आणि मग तरीही मी हर्ष करीन म्हणतो. मोजणे तो टाळत नाही. बरे झालेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच परत आला, तेव्हा येशूनेही मोजलेच होते: नऊ जण कोठे आहेत? परतलेल्या त्या शोमरोन्याकडून, म्हणजे परक्या मानल्या गेलेल्या माणसाकडून, त्याने काही मागितले नाही. ऊठ, जा, तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे, एवढेच म्हणाला.

आता कार्डांवर ‘थँक्सगिव्हिंग संडे’ छापले जाते आणि तरुण मुलांना तो अमेरिकेतल्या टर्कीच्या सणाचा भाऊ वाटतो. पण भाकर मोडण्याआधी पाळकसाहेबांच्या तोंडी उपकारस्तुतीच येते. आणि लिलावात तिसऱ्यांदा विकले गेलेले कोहळे शेवटी कुणीतरी घरी नेते. दुपारी त्याची भाजी होते, आणि एका घराला एवढी भाजी संपत नसल्यामुळे वाटी शेजारी जाते.