उम्मे सलमा

उम्मे सलमा : (मृत्यू सु. ६८०–६८२). मुहंमद पैगंबरांच्या पत्नी आणि म्हणून ‘उम्महातुल मोमिनीन’, म्हणजे श्रद्धावंतांच्या मातांपैकी एक. मूळ नाव हिंद. सलमा हे त्यांच्या थोरल्या मुलाचे नाव. त्यावरून त्या उम्मे सलमा झाल्या. पैगंबरांच्या घरातील स्त्रियांमध्ये खदीजा आणि आयेशा यांच्याविषयी सर्वाधिक लिहिले गेले. उम्मे सलमांचा मान मोठा असला तरी त्यांच्याविषयी त्या मानाने कमी बोलले जाते. त्यांचे मोठेपण पराक्रमात नसून समजूतदारपणात होते, हेही त्याचे एक कारण असावे.

मक्केच्या कुरैश जमातीतील मखझूम हे बडे, सधन घराणे त्यांचे माहेर. वडील अबू उमय्या दातृत्वासाठी प्रसिद्ध होते. त्यांच्याबरोबर प्रवासाला निघणाऱ्याने शिदोरी बांधायची नाही, साऱ्या तांड्याचे खाणेपिणे त्यांच्याकडे, असा रिवाज सांगतात. इस्लामचा हाडवैरी अबू जहल आणि पुढे सेनापती म्हणून गाजलेले खालिद बिन वलीद हे दोघेही हिंदचे चुलतभाऊ. अशा घरातील मुलीने नवा धर्म स्वीकारणे म्हणजे आप्तांशीच वैर पत्करणे होते. पती अबू सलमा हेही मखझूमीच. ते पैगंबरांचे आतेभाऊ आणि दूधभाऊ. दोघांनी अगदी सुरुवातीला इस्लाम स्वीकारला, आणि मक्केत छळ वाढल्यावर ६१५ च्या सुमारास ती दोघे समुद्रापलीकडे हबशांच्या देशात, अ‍ॅबिसिनियात, आश्रयाला गेली. तेथील ख्रिस्ती राजा नजाशी याच्या दरबारात पैगंबरांचे चुलतभाऊ जाफर बिन अबू तालिब यांनी मुसलमानांची बाजू कशी मांडली आणि मक्केचे वकील रिकाम्या हाती कसे परतले, ही प्रसिद्ध हकीकत चरित्रकार इब्न इस्हाकने उम्मे सलमांच्याच तोंडची म्हणून नोंदवली आहे.

मक्केला परतल्यावर मदीनेस जाण्याची वेळ आली. अबू सलमांनी बायकोला आणि तान्ह्या मुलाला उंटावर बसवले व ते निघाले. तेवढ्यात हिंदच्या माहेरची माणसे आडवी आली. ‘तू तुझा मुखत्यार, पण आमची मुलगी गावोगाव फिरवू देणार नाही,’ म्हणत त्यांनी उंटाची दोरी हिसकावली. हे पाहून अबू सलमांचे भाऊबंद चिडले. आमच्या मुलाची बायको नेता, तर आमचे मूल आम्ही घेणार. दोन्हीकडच्या ओढाताणीत पोराचा हात निखळला. पती मदीनेला, मूल सासरच्यांकडे, आपण माहेरी बंदोबस्तात, अशी तिघांची तीन तोंडे झाली. त्या रोज सकाळी मक्केबाहेरच्या अबतहच्या मैदानात जाऊन बसत आणि संध्याकाळपर्यंत रडत. जवळजवळ वर्षभर हे चालले. अखेर एका चुलत नातेवाइकाला दया आली. त्याने रदबदली केली आणि मूलही परत मिळाले.

मग त्या एकट्याच मुलाला घेऊन उंटावरून निघाल्या. मक्केजवळच्या तनईम येथे उस्मान बिन तलहा भेटला. काबागृहाची किल्ली सांभाळणाऱ्या घराण्यातला हा माणूस तेव्हा मुसलमान नव्हता. सोबत कोणी आहे का, असे त्याने विचारले. अल्लाह आणि हे लेकरू, एवढेच उत्तर मिळाल्यावर त्याने मुकाट्याने उंटाची दोरी धरली. मुक्काम आला की तो उंट बसवी आणि मागे सरून उभा राही. त्या उतरल्या की उंट झाडाला बांधून स्वतः दुसऱ्या झाडाखाली जाऊन पडे. निघायच्या वेळी उंट तयार करून पुन्हा बाजूला होई. मदीनेजवळचे कुबा गाव दिसू लागले तसे ‘तुझा नवरा या गावात आहे’ एवढे सांगून तो आल्या वाटेने परत फिरला. याच्याइतका खानदानी सोबती आपण पाहिला नाही, असे उम्मे सलमा पुढे सांगत. विरुद्ध पक्षातल्या माणसाविषयी असे मोकळेपणाने बोलणारी साक्ष त्या काळच्या कथनांत विरळाच.

उहुदच्या लढाईत (६२५) अबू सलमांना जखम झाली. ती भरली असे वाटले, पण एका मोहिमेनंतर पुन्हा चिघळली आणि त्यातच ते गेले. मागे चार मुले उरली. संकटात म्हणायची एक प्रार्थना त्यांनी पत्नीला शिकवली होती. तिच्या शेवटी ‘गेले त्याहून चांगले मला दे’ असे मागणे आहे. ती म्हणताना, अबू सलमांहून चांगला कोण असणार, असे आपल्या मनात येई, हे त्यांनीच सांगून ठेवले आहे.

इद्दत, म्हणजे विधवेने पुनर्विवाहापूर्वी थांबायचा काळ, संपल्यावर पैगंबरांचे सहकारी अबू बकर आणि उमर बिन खत्ताब यांची मागणी आली. त्यांनी दोन्ही नाकारल्या. पैगंबरांचा निरोप आला तेव्हाही त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. माझा स्वभाव मत्सरी, वय झालेले, आणि पदरी मुले, अशा तीन अडचणी त्यांनी सरळ पुढे ठेवल्या. मत्सरासाठी मी दुआ करीन, वय माझेही झाले आहे आणि तुमची मुले ती माझीच, असे उत्तर आले. निकाह हिजरी सन ४ मध्ये (६२६) झाला. त्यांना मिळालेली खोली नुकत्याच वारलेल्या झैनब बिन्त खुझैमा यांची होती. तेथे थोडे जव, एक जाते आणि भांड्यात थोडी चरबी सापडली; पहिल्याच रात्री त्यांनी जव दळून त्या पिठाचे जेवण शिजवले, असे परंपरा सांगते. मुलेही त्याच घरात वाढली. ‘बाळ, अल्लाहचे नाव घे, उजव्या हाताने खा आणि आपल्यासमोरचे खा,’ ही मुसलमान घरांत आजही मुलांना शिकवली जाणारी हदीस (पैगंबरांचे वचन) त्यांचा मुलगा उमर याने सांगितलेली आहे. ताटात सगळीकडे हात फिरवणारा तो मुलगा तोच.

त्या कोणाची भीड ठेवत नसत. पैगंबरांच्या पत्नींना समजावायला उमर बिन खत्ताब आले, तेव्हा ‘तुम्ही सगळ्यातच पडता, आता नवराबायकोच्या मध्येही का?’ असे त्यांनी सुनावले. उमर निरुत्तर होऊन बाहेर पडले. एकदा दासी त्यांचे केस विंचरत असताना मशिदीतून ‘लोकहो’ अशी पैगंबरांची हाक ऐकू आली. त्या उठू लागल्या. बोलावणे पुरुषांना आहे, बायकांना नाही, असे दासी म्हणाली. ‘मीही लोकांतलीच,’ एवढे बोलून त्या ऐकायला गेल्या. कुराणात पुरुषांचा उल्लेख होतो तसा आमचा का नाही, हा प्रश्नही त्यांनी विचारला होता. श्रद्धावंत पुरुष आणि श्रद्धावंत स्त्रिया यांची जोडीजोडीने नावे घेणारी ३३ व्या सूरेतील ३५ वी आयत त्यानंतर उतरली, असे भाष्यकार मानतात.

त्यांच्या बुद्धीची खरी कसोटी हुदैबियाला (६२८) लागली. उमरा (काबेची छोटी यात्रा) करण्यासाठी निघालेले सुमारे १,४०० मुसलमान मक्केच्या वेशीवर अडवले गेले. झालेल्या तहानुसार या वर्षी परत फिरायचे होते. मक्केतून पळून आलेल्याला परत पाठवण्याचेही कलम होते, आणि तह होत असतानाच साखळदंडांसह आलेला अबू जंदल माघारी सोपवावा लागला. लोक सुन्न झाले. कुरबानी करा, डोकी भादरा, असे पैगंबरांनी तीनदा सांगितले. कोणी जागचे हलले नाही. ते तंबूत आले आणि घडले ते उम्मे सलमांना सांगितले. त्यांचा सल्ला थोडक्यात असा : बाहेर जा, कोणाशी अक्षर बोलू नका, आपला उंट कापा, न्हाव्याला बोलावून स्वतःचे डोके करून घ्या. पैगंबरांनी तसेच केले. ते पाहताच सगळे उठले आणि दुःखाच्या भरात घाईघाईने एकमेकांची डोकी भादरू लागले. लोक बंडाला उठलेले नाहीत, निर्णय अजून बदलेल या आशेवर थांबले आहेत, हे त्यांनी ओळखले असावे. नेत्याने स्वतः इहराम (यात्रेची बंधने) सोडला की ती आशाच संपते. आज्ञा चौथ्यांदा दिली असती तर काय झाले असते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

पैगंबरांनंतर त्या जवळजवळ अर्धशतक जगल्या. त्यांच्या नावावर ३७८ हदीसा मोजल्या जातात. पैगंबरांच्या पत्नींमध्ये आयेशांनंतर हा आकडा सर्वांत मोठा. वादी-प्रतिवादींपैकी एखादा बोलण्यात अधिक तरबेज असतो, त्याच्या बोलण्यावरून मी निकाल दिला तरी दुसऱ्याचा हक्क त्याने घेऊ नये, हे न्यायदानाविषयीचे प्रसिद्ध वचन त्यांच्यामार्फत आले. अस्रच्या (तिसऱ्या प्रहरच्या) नमाजनंतरच्या दोन रकातींविषयी (नमाजच्या आवर्तनांविषयी) आयेशांना विचारले असता त्यांनी ‘उम्मे सलमांना विचारा’ म्हणून माणूस पाठवला होता. मुलगी झैनब हिचीही मदीनेत धर्मशास्त्रज्ञ म्हणून ख्याती झाली.

६५६ मध्ये आयेशा खलिफा अलींविरुद्ध बसऱ्याकडे निघाल्या, तेव्हा उम्मे सलमांनी त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. स्वतः त्या मदीनेतच राहिल्या, मात्र मुलगा उमर याला अलींच्या बाजूने पाठवले. अलींनी पुढे त्याला बहरैनचा कारभार दिला. शिया परंपरेत त्यांना विशेष आदर आहे. मुलगी फातिमा, जावई अली आणि नातू हसन व हुसेन यांना पैगंबरांनी चादरीखाली घेतल्याचा प्रसंग त्यांच्याच घरात घडला असे मानतात.

मृत्यूच्या सालाबद्दल मतभेद आहेत. पैगंबरांचे सहकारी अबू हुरैरा यांनी त्यांच्या जनाजाची नमाज पढवली अशी एक नोंद आहे आणि ती हिजरी ५९ कडे नेते. पण ६८० मध्ये करबलाला हुसेन मारले गेले, त्या सुमारास डोक्या-दाढीवर धूळ माखलेले पैगंबर त्यांनी स्वप्नात पाहिले अशीही कथा आहे; आणि उमय्या खलिफांविरुद्धच्या इब्न झुबैरच्या बंडाच्या काळात दोघे जण त्यांना एका हदीसीविषयी विचारायला गेल्याचे हदीससंग्रहात येते. या दोन नोंदी धरल्या तर पहिली टिकत नाही, म्हणून बरेच चरित्रकार हिजरी ६१ किंवा ६२ मानतात. पैगंबरांच्या पत्नींपैकी सर्वांत शेवटी निधन उम्मे सलमांचे झाले, असे या चरित्रकारांचे म्हणणे आहे. त्यांची कबर मदीनेच्या बकी कब्रस्तानात आहे.