पार्श्वभूमी : मिलो नको, साबुदाणा चालेल

अनोळखी पदार्थापुढे तोंड फिरवायची लहान मुलांची खोड शाळेत जायच्या वयात बरीच ओसरते. काही मोठ्यांत ती टिकते. किती टिकते हे मोजण्यासाठी कॅनडात १९९२ साली दहा विधानांची एक प्रश्नावली तयार झाली आणि पुढचे बरेचसे अभ्यास तिच्यावरच उभे राहिले. जुळ्या भावंडांच्या पाहणीत आनुवंशिकतेचा वाटाही मोठा निघाला. महाराष्ट्रात मात्र ‘लोक नवं खायला तयार नसतात’ हे वाक्य त्याआधीच, भर दुष्काळात ऐकू आलं होतं.

१९७२ साली खरीप गेला, रब्बीही गेली. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. रेशनवर आली अमेरिकेची लाल ज्वारी, म्हणजे मिलो. लोकांनी नाकं मुरडली, तेव्हा भुकेल्याला कसली आलीय चव, असं शहरात बसून म्हणणारे कमी नव्हते. सरकारची बाजूही अगदीच लंगडी नव्हती. एवढी पांढरी ज्वारी आणणार कुठून? परदेशी धान्यामुळे उपासमार टळायला मदत झाली, हेही खरंच.

पण नाखुशीचं खापर लोकांच्या हट्टावर फोडणं मला पटत नाही. ज्वारी त्यांना नवी नव्हतीच. मालदांडीचं, म्हणजे इथल्या रब्बीच्या पांढऱ्या ज्वारीचं, पीठ आधणाच्या पाण्यात मळलं की भाकरी हातावर फिरते, तव्यावर टम्म फुगते. मिलोच्या पिठाला तसा चिकटपणा नसे. थापताना कडा फाटत, भाकरी लालसर आणि निबर होई. शिवाय तिकडे हे धान्य मुख्यतः जनावरांना घालतात, ही बोलवा होतीच, आणि ती खोटी नव्हती. पूर्ण अनोळखी पदार्थ माणूस एकवेळ चाखून बघतो. ओळखीचं नाव घेऊन बिघडलेल्या रूपात आलेला मात्र घशाखाली उतरत नाही. त्याच कामांवर वाटलेली गोडसर सुकडी कुणाच्या स्वयंपाकघरातली नव्हती, तरी ती लोकांनी खाल्ली. त्या पिढीतले अनेकजण आजही तिची चव आठवून सांगतात.

मानाचाही भाग होता. देशावरच्या कोरडवाहू गावांत गव्हाची पोळी सणावाराची. त्यामुळे रेशनचा गहू आला तेव्हा, परदेशी असला तरी, त्याला मिलोइतका विरोध झाला नाही. पुढच्या काही दशकांत पोळी रोजची झाली आणि भाकरी मागे सरकली. इतकी, की २०२३ च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षात शहरातल्या तरण्याताठ्यांना ज्वारी-नाचणी नव्याने चाखायला लावावी लागली.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. मिरची, बटाटा, शेंगदाणा आणि साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओका, हे चौघेही मूळचे अमेरिका खंडातले. आज उपासाच्या खिचडीत तेच चौघे असतात. घरची ज्वारी मात्र उपासाला चालत नाही!

आता सोयाबीनचं बघा. १९८० नंतर ते विदर्भात पसरलं, मग मराठवाड्यात. आज राज्यात ४० लाख हेक्टरांहून जास्त क्षेत्र त्याखाली आहे. तेल पोटात जातं, दाणा मात्र जवळजवळ सगळा मोंढ्यावर. गव्हात मूठभर मिसळून दळून आणा, हा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातोय. पण कच्चा दाणा तसाच दळला तर पोळीला उग्र वास मारतो. आधी उकळत्या पाण्यातून काढून, वाळवून, भाजून घेतला तर तो बराच कमी होतो. सल्ला देणारे ही पायरी पुष्कळदा गाळतात आणि बायका नवं काही करायला बघत नाहीत म्हणून मोकळे होतात.