ऊसतोड कामगार कुटुंबांचे आरोग्य

साखर कारखान्यांच्या गाळप हंगामात ऊसतोडीसाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांच्या आजारपणाचा, बाळंतपणाचा आणि उपचारांचा प्रश्न. महाराष्ट्रात तो मुख्यतः बीड जिल्ह्याच्या नावाने ओळखला जातो. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात कोरडवाहू शेतीवर वर्ष निघत नाही. म्हणून दिवाळीच्या सुमारास धारूर, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, केज या तालुक्यांतून टोळ्या सांगली, कोल्हापूर, सातारा, पुण्याकडे आणि पुढे कर्नाटकात जातात. परततात ते उन्हाच्या झळा लागू लागल्यावर.

या मजुरीचे एकक माणूस नाही, ‘कोयता’ आहे. आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, कोयत्याला हंगामाआधी उचल (आगाऊ रक्कम) देतो आणि ती फिटेपर्यंत टनाच्या दराने ऊस तोडायचा असतो. तोडायचा, सोलायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. कामाचा दिवस चुकला की ‘खाडा’: मजुरी बुडतेच, वर दंडही बसतो. जोडीतले एक आजारी पडले तरी खाडा अख्ख्या कोयत्याचा. त्यामुळे पाळीतला त्रास, गरोदरपण, ताप, पायावर बसलेला कोयता, सगळ्याचा हिशेब शेवटी उचलीत जाऊन पडतो.

जोडीशिवाय कोयता होत नाही, याचा परिणाम मुलींच्या लग्नाच्या वयावरही दिसतो. मोठ्या मुलीला गावी एकटी ठेवण्याची धास्ती त्यात भर घालते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) बीडमधील २० ते २४ वयाच्या सुमारे ४४ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. राज्याचे प्रमाण त्याच्या निम्मे, सुमारे २२ टक्के होते.

गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया: बोलीत ‘पिशवी काढणे’. फडालगतच्या कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) न्हाणीघर नसते, संडास नसतो, पाणी लांबून आणावे लागते. पाळीची स्वच्छता राखता येत नाही, लघवी तासन्‌तास दाबून ठेवली जाते, जंतुसंसर्ग वारंवार होतो. अंगावरून जाण्याच्या तक्रारीवर खरे तर बहुतेकदा औषधांनी भागते. पण औषधासाठी पुन्हा पुन्हा दवाखान्यात जावे लागते, म्हणजे पुन्हा पुन्हा खाडा. त्यापेक्षा एकदाच काय ते उरकून टाकावे, हा विचार घरात पटतो. कर्करोगाची भीती घातली गेली की उरलेला संकोचही जातो. दोन-तीन मुले झालेली, नसबंदी केलेली तिशीतली बाई मग खासगी दवाखान्यात भरती होते. खर्चासाठी मुकादमाकडून पैसे घेतले जातात, उचल वाढते आणि पुढचा हंगाम चुकवता येत नाही. याला अज्ञान म्हणणे सोपे आहे. खाड्याच्या हिशेबात मात्र हा निर्णय चोख बसतो. कमी वयात गर्भाशय काढल्यास रजोनिवृत्ती लवकर येऊ शकते. बीजकोशही काढले तर ती लगेच येते आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. ज्या अंगमेहनतीसाठी पिशवी काढली, तीच नंतर झेपेनाशी होते.

२०१९ मध्ये या बातम्या देशभर गाजल्यावर राज्य शासनाने विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमधील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे, म्हणजे सुमारे १७ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयोगटात देशाचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. दोन्ही पाहण्यांची पद्धत सारखी नाही, तरी अंतर डोळ्यांत भरणारे आहे. पुढे जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियांवर जिल्हा शल्यचिकित्सकांची देखरेख आली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये बिहार, छत्तीसगड व राजस्थानातील अनावश्यक शस्त्रक्रियांच्या याचिकेवर निकाल देताना सर्व राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारण्यास सांगितले.

धोरणातील फट: सार्वजनिक आरोग्यव्यवस्था राहत्या वस्तीच्या मापाने आखलेली आहे. बिगर-आदिवासी भागात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र. आशाताईंच्या नोंदवहीत गावातली घरे. टोळी निघाली की गरोदर बाई गावच्या यादीत राहते आणि स्वतः फडात असते. तिथल्या उपकेंद्राच्या लेखी ती परगावची. लहान मुलांचे लसीकरण आणि अंगणवाडीचा आहार याच फटीत सांडतो. कामगार विम्याचे दारही बंद: कर्मचारी राज्य विमा कायद्याने (१९४८) हंगामी कारखाने वगळले आणि त्यांच्या व्याख्येत साखर, गुळासकट, नावानिशी घातली. तशीही ऊसतोड बाई कारखान्याची कामगार मानली जात नाही. तिची बोली मुकादमाशी, आणि बहुधा तीही नवऱ्याच्या नावाने.

राज्याने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन केले आहे. त्यासाठी गाळलेल्या उसाच्या टनामागे १० रुपये कारखान्याने आणि तेवढेच शासनाने द्यावेत, अशी तरतूद आहे. कामगार संघटनांच्या मागण्यांत तोडणीच्या दरवाढीबरोबर ओळखपत्र, विमा, फडावर पाणी व शौचालय यांचा समावेश असतो. दर करारागणिक वाढत आला आहे. खाडा आहे तसाच आहे.