भूकंप मेघ

भूकंप मेघ : मोठ्या भूकंपाच्या आधी काही तास ते काही आठवडे आकाशात दिसतो आणि येणाऱ्या धक्क्याची वर्दी देतो, असे मानले गेलेला ढग. हवामानशास्त्राच्या मेघवर्गीकरणात या नावाचा प्रकार नाही. ज्यांना भूकंप मेघ म्हटले जाते ते ढग मात्र खरेच असतात. कधी आखणीने ओढल्यासारखी सरळ रेघ, कधी नांगरटीसारखे समांतर पट्टे, कधी डोंगरावर पालथी घातलेली बशी, तर कधी ढगांच्या सलग चादरीत पडलेली लांब, कडा कापल्यासारखी फट. हवामान उपग्रहांची चित्रे सर्वांना पाहायला मिळू लागल्यावर यातले काही आकार नेमके भूकंपप्रवण भ्रंशरेषांच्या, म्हणजे जिथे कवचाचे खडक तुटून एकमेकांवरून सरकतात त्या रेषांच्या वरच, तासन्‌तास न हलता उभे असलेले दिसले. असे ढग भ्रंशांवर का दिसतात, या प्रश्नाचे उत्तर मिळाले आहे. त्यांच्यावरून भूकंप कळतो का, या प्रश्नाचे उत्तरही त्याच्याच पोटात आहे.

ही समजूत फार जुनी आहे. पृथ्वीच्या पोटात कोंडलेल्या वाऱ्यामुळे जमीन हादरते, असे ॲरिस्टॉटल मानत असे. निरभ्र हवेत, दिवसा किंवा सूर्यास्तानंतर थोड्या वेळाने दिसणारी ढगाची बारीक, लांब, सरळ रेघ ही भूकंपाची खूण म्हणून त्याने नोंदली आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत भूकंपावर स्वतंत्र अध्याय लिहिला. त्यात त्याने भूकंपांची वायव्य, आग्नेय, ऐंद्र आणि वारुण अशी चार मंडले मानली आणि प्रत्येकाची आठवडाभर आधी दिसणारी चिन्हे दिली. ऐंद्र मंडलाच्या चिन्हांत हलत्या पर्वतांसारखे, खोल गर्जणारे, विजा बाळगणारे काळे मेघ येतात. दोघांचीही निरीक्षणे आस्थेने केलेली आहेत. पण भूकंप झाल्यावर लोक आधीचे आकाश आठवतात आणि भूकंप न झालेल्या दिवसांचे आकाश विसरून जातात, ही अडचण तेव्हाही होती आणि आजही आहे.

आधुनिक काळात ‘भूकंप मेघ’ ही कल्पना रुजली ती जपानमध्ये. नारा शहराचे महापौर राहिलेले चुझाबुरो कागिदा यांनी १९८० मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले आणि १९४८ च्या फुकुई भूकंपाआधी आपण असा ढग पाहिला होता, असे सांगितले. उपग्रहचित्रांवरून भाकिते करणाऱ्यांत कॅलिफोर्नियातील निवृत्त रसायनशास्त्रज्ञ झोंगहाओ शौ यांचे नाव सर्वांत जास्त घेतले जाते. २६ डिसेंबर २००३ रोजी इराणमधील बाम शहर ६.६ परिमाणाच्या भूकंपाने उद्ध्वस्त झाले आणि सुमारे २६,००० माणसे गेली. त्याआधी काही दिवस मेटिओसॅट-५ या उपग्रहाच्या चित्रांत बामच्या बाजूने निघालेली ढगांची शेपटी आपल्याला दिसली होती, आणि ६० दिवसांत इराणमध्ये ५.५ किंवा त्याहून मोठा भूकंप होईल असे आपण आधीच जाहीर केले होते, असे शौ यांचे म्हणणे. त्यांच्या मते खडकांच्या भेगांत मुरलेले पाणी घर्षणाने तापते, त्याची वाफ जमिनीतून उसळून बाहेर पडते आणि तिचाच ढग होतो.

चिनी संशोधक गुआंगमेंग गुओ आणि बिन वांग यांनी २००८ मध्ये दुसऱ्या तऱ्हेची खूण मांडली. डिसेंबर २००४ मध्ये दक्षिण इराणमधील भ्रंशावर ढगांत एक लांब फट पडली आणि आजूबाजूचे ढग सरकत असताना ती काही तास जागची हलली नाही. त्यानंतर ६९ दिवसांनी, २२ फेब्रुवारी २००५ रोजी, त्या भागात ६.४ परिमाणाचा भूकंप झाला. डिसेंबर २००५ मध्ये पुन्हा तसेच दिसले आणि ६४ दिवसांनी ६.० परिमाणाचा धक्का बसला. चित्रे खोटी नव्हती. फट खरोखर भ्रंशावर होती आणि खरोखर स्थिर होती. म्हणूनच हा दावा हसून सोडून देण्यासारखा नाही. तो नीट तपासायला हवा होता, आणि तो तपासला गेला.

ढग एका जागी उभा राहतो याचे कारण डोंगर आहेत. बाष्पाने भरलेला वारा डोंगररांगेवर आडवा आदळला की हवा वर चढते. वरचे थर स्थिर असतील, तर ही हवा पलीकडे नुसती उतरून थांबत नाही. धोंड्यावरून वाहणाऱ्या ओढ्याच्या पाण्यासारखी ती पुढे बरेच अंतर वरखाली होत जाते. या गिरितरंगांची लांबी बहुधा ५ ते ३५ किलोमीटर असते. तरंगाच्या माथ्यावर हवा थंड होते आणि ढग धरतो. खळग्यात ती खाली येते, तापते आणि ढग विरतो. वारा त्यातून वाहत असतो, पण तरंग डोंगराला बांधलेला असल्यामुळे ढग जागचा हलत नाही. त्याच्या एका कडेला नवे थेंब तयार होत असतात, दुसऱ्या कडेला जुने सुकत असतात. बशीच्या आकाराचे मसूरमेघ असेच तयार होतात. डोंगराच्या पलीकडच्या उतारावर खाली उतरणारी कोरडी, उबदार हवा ढगांच्या थरात रांगेला समांतर अशी स्वच्छ फट पाडते. आल्प्स पर्वताच्या परिसरात अशा वाऱ्याला ‘फॉन’ म्हणतात आणि ही फट तिथल्या हवामान अभ्यासकांच्या रोजच्या ओळखीची आहे. उपग्रहातून पाहणाऱ्याला मात्र डोंगर दिसत नाही. त्याला दिसते ती फक्त नकाशावरच्या भ्रंशरेषेवर बसलेली सरळ कड.

आता भ्रंशाकडे वळू. डोंगररांगा कुठेही उगवत नाहीत. भूपट्ट एकमेकांवर रेटले जातात, कवच भ्रंशांवरून सरकते, आणि लाखो वर्षांत त्याच सरकण्यातून रांग उभी राहते. इराणचे झाग्रोस, इटलीचे अपेनाइन, जपानचे कणा-पर्वत सगळे असेच घडले आहेत. रांगेचा पायथा म्हणजे बऱ्याचदा भ्रंशच असतो. डोंगर भ्रंशाच्या मागे जातो आणि ढग डोंगराच्या मागे. म्हणून ढग आणि भ्रंश एका रेषेत दिसणे हा डोळ्यांचा भास नाही, की योगायोगही नाही. ते नाते खरे आहे. पण ते लाखो वर्षांत घडलेल्या भूरूपाशी असलेले नाते आहे. भ्रंश पुढच्या महिन्यात सरकणार की पुढच्या शतकात, हे त्यातून कळत नाही. या विषयावरच्या चर्चेत एवढा एकच दुवा बहुतेक वेळा सुटतो, आणि तो सुटला की प्रामाणिक निरीक्षकही फसतो.

इटलीच्या बाबतीत हे आकड्यांनी तपासले गेले. २० मे २०१२ रोजी पो नदीच्या खोऱ्यात ६.० परिमाणाचा भूकंप झाला. अपेनाइनवरील एका रेषाकृती ढगावरून आपण तो आधीच ओळखला होता, असा दावा गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१३ मध्ये केला. थॉमस, माशी आणि लव्ह या तिघांनी इटलीवरील ४ वर्षांची उपग्रहचित्रे चाळली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. असे रेषाकृती ढग तिथे वारंवार येतात. त्यांचा आणि भूकंपांचा संख्याशास्त्रीय संबंध दिसत नाही. सापडलेले सगळे ढग, दाव्यातला ढगही धरून, डोंगरावरून वाहणाऱ्या दमट वाऱ्याने तयार झालेले दिसतात. आणखी एक आक्षेप त्यांनी घेतला, तो माझ्या मते सर्वांत वजनदार आहे. दावेदारांनी आपली सगळी भाकिते, चुकलेली धरून, कधीच मांडली नाहीत.

हिशेब चारही बाजूंनी मांडावा लागतो. ढग आला आणि भूकंप झाला, ढग आला पण भूकंप झाला नाही, ढग नसताना भूकंप झाला, आणि दोन्हीही नव्हते. बातमीत येते ती फक्त पहिली बाजू. जगात ५ किंवा त्याहून जास्त परिमाणाचे भूकंप वर्षाला साधारण दीड हजार होतात, म्हणजे दिवसाला चार. दोन महिन्यांची मुदत आणि अख्ख्या देशाएवढा प्रदेश घेतला, तर भूकंपप्रवण भागात काही ना काही खरे ठरतेच. तुर्कस्तानातील बुर्सा शहरावर १९ जानेवारी २०२३ च्या सकाळी लालसर रंगाचा भव्य मसूरमेघ दिसला. ६ फेब्रुवारीला ७.८ परिमाणाचा भूकंप झाल्यावर त्याची छायाचित्रे ‘पूर्वसूचना’ म्हणून जगभर फिरली. भूकंपाचे केंद्र बुर्सापासून सुमारे साडेसातशे किलोमीटर दूर होते. बुर्साच्या पाठीशी उलुदाग पर्वत उभा आहे, हे मात्र त्या छायाचित्रांबरोबर कुणी सांगितले नाही.

जमिनीतून काहीतरी निघून ढग बनवू शकेल का, हा प्रश्न यापासून वेगळा आहे आणि त्यावर गंभीर संशोधकांनी काम केले आहे. सेर्गेई पुलिनेत्स यांच्या मते ताणाखालच्या भ्रंशातून रेडॉन वायू जास्त झिरपतो, त्याच्या किरणोत्साराने हवेत आयन (विद्युतभारित कण) तयार होतात आणि त्यांच्याभोवती बाष्प गोळा होते. फ्रीडेमान फ्रॉइंड यांनी प्रयोगशाळेत दाबलेल्या अग्निज खडकांत धन विद्युतभार वाहताना पाहिले आणि हे भार पृष्ठभागाशी येऊन हवा आयनित करतात, असे सुचवले. भूकंपाआधी काही ठिकाणी रेडॉन वाढल्याच्या नोंदी आहेत. अडचण पुढच्या पायरीवर येते. नुसत्या आयनांभोवती थेंब धरायला हवेतील बाष्प संपृक्ततेच्या, म्हणजे हवेत एरवी मावते त्या कमाल प्रमाणाच्या, सुमारे चौपट व्हावे लागते. भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांच्या मेघकोष्ठात (कृत्रिम ढग तयार करण्याच्या बंद पेटीत) ते साधता येते. खऱ्या आकाशात बाष्प संपृक्ततेपेक्षा एखाद्या टक्क्याहून अधिक क्वचितच चढते, कारण धूळ, मीठ आणि धुराचे कण त्याआधीच ते ओढून घेतात. रेडॉनचे अर्धायुष्य ३.८ दिवस असल्याने तो वाऱ्याबरोबर दूर वाहूनही जातो. जमिनीतून निघालेल्या वायूने १० किलोमीटर उंचीवर, वाहत्या हवेत, भ्रंशाच्या आकाराची रेघ तासन्‌तास धरून ठेवावी, हे पटणे कठीण आहे.

ढगांनी आणखी एका प्रकारे घोटाळा केला आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपाआधी जमिनीचे तापमान वाढल्याचे अवरक्त उपग्रहचित्रांत दिसते, असे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. ब्लॅकेट, वूस्टर आणि मलामूड यांनी २०११ मध्ये तीच माहिती पुन्हा तपासली. ढगांनी झाकलेल्या जागी तापमानाची नोंद नसते, आणि वेगवेगळ्या दिवसांचे तुकडे जोडून चित्र तयार करताना या रिकाम्या जागांमुळे खोटी ‘उष्णता’ दिसू शकते, असे त्यांना आढळले. भूकंपाची म्हणता येईल अशी खूण उरली नाही.

जपानची हवामान संस्था नागरिकांच्या प्रश्नांना उत्तर देताना भूकंप मेघांना शास्त्रीय आधार नसल्याचे सांगते. इटलीतील लाक्विला शहरात ६ एप्रिल २००९ रोजी झालेल्या भूकंपानंतर नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०११ च्या अहवालात सर्वच प्रकारच्या पूर्वखुणांचा आढावा घेतला. भरवशाने भूकंप सांगणारी एकही खूण त्याला मिळाली नाही. भाकीत म्हणायचे तर जागा, वेळ आणि परिमाण तिन्ही आधी सांगावी लागतात. हे काम अजून कुणाला सातत्याने जमलेले नाही, आणि ज्यांची घरे पडली त्यांना चुकीची आशा दाखवणे हा लहान अपराध नाही.

आकाश आणि भूकंप यांचे एक नाते मात्र मोजले गेले आहे. ते धक्क्याच्या आधीचे नाही, नंतरचे आहे. मोठ्या भूकंपात जमीन आणि समुद्र वरखाली होतात तेव्हा कानाला न ऐकू येणाऱ्या लहरी हवेत वर चढतात. हवा विरळ होत जाते तशा त्या मोठ्या होतात. ११ मार्च २०११ च्या तोहोकू भूकंपानंतर जपानमधील जीपीएस ग्राहकांच्या दाट जाळ्याने आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या उंचावरील विद्युतभारित थरात, पसरणारी वर्तुळे टिपली. पृथ्वीचे गुरुत्व मोजण्यासाठी तीनशे किलोमीटरपेक्षाही कमी उंचीवरून फिरणारा गोचे हा युरोपीय उपग्रह त्या लहरींतून गेला आणि त्याच्या त्वरणमापकांनी त्यांची नोंद केली. त्सुनामी समुद्रात पुढे सरकत असतानाच तिची आयनांबरातील सावली पाहून किनाऱ्याला लवकर सावध करता येईल का, यावर आता काम सुरू आहे.