माशाच्या कानातला दगड

गेल्या आठवड्यात घरी ढोम्याचं कालवण होतं, डोकं चोखताना दाताखाली कडक लागलं म्हणून काढून बघितलं तर अर्ध्या चिंचोक्याएवढा पांढरा दगड, एक बाजू गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला खाच. भाची म्हणाली वाळूचा खडा आहे, टाकून दे. मी म्हटलं थांब, असाच दुसऱ्या बाजूलाही असणार, आणि होताच. हा माशाचा कर्णाश्म. ढोमा, घोळ यांच्या कुळात तो चांगला ठळक असतो, बाकीच्या बहुतेक माशांत इतका बारीक की आपण खाऊनही टाकतो.

मला त्याच्याविषयी लिहायचंच होतं, कारण 2023 मध्ये महाराष्ट्रात 54 जातींच्या माशांसाठी किमान माप ठरलं, म्हणजे त्याहून लहान मासा धरायचा नाही (पापलेटसाठी 135 मिलिमीटर), तेव्हापासून बाजारात एक वाक्य सारखं कानावर येतं, की हे आकडे एसीत बसून काढलेत. मासा किती लांबीला अंडी धरायला लागतो हे पोट उघडून, गाबोळी बघून कळतं, त्यात गूढ काही नाही. पण त्या लांबीला पोचायला त्याला आठ महिने लागले की आठ वर्षं? लांबीवरून हे ठरत नाही, मोठा मासा म्हणजे म्हातारा मासा असं नसतंच. वय लिहिलेलं असतं ते या दगडात.

माशाच्या आतल्या कानात एक द्रवाने भरलेली पिशवी असते, तिच्यात हा दगड असतो, तोल सांभाळायला आणि ऐकायला. द्रवातून कॅल्शियम कार्बोनेट त्याच्यावर बसत जातं, मध्ये मध्ये प्रथिनाचं अस्तर. आणि हे बसणं एकसारखं होत नाही, चोवीस तासांत एकदा चुन्याचा भाग जास्त, एकदा प्रथिनाचा जास्त, म्हणजे रोज एक कडं! जॉर्जिओ पान्नेला या शास्त्रज्ञाने 1971 मध्ये हे दाखवलं. एक कडं काही मायक्रॉनचं, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीत माशाचे वीस-पंचवीस दिवस सहज मावतात. थंड समुद्रात हिवाळ्यात वाढ मंदावते म्हणून वर्षाचे पट्टेही दिसतात, झाडाच्या खोडासारखे. आणि सगळ्यात भारी गोष्ट, हाडातलं कॅल्शियम शरीर अडचणीच्या वेळी परत काढून घेतं, दगडातलं सहसा काढत नाही. मासा उपाशी राहिला तरी नोंद पुसली जात नाही. हा दगड राळेत बसवायचा, हिऱ्याच्या पात्याने पातळ चकती कापायची, घासायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन माणसांनी एकमेकांना न विचारता कडी मोजायची.

आता वय कळून करायचं काय? समजा पकडलेल्या माशांत 2 वर्षांचे 800 निघाले, 3 वर्षांचे 400, 4 वर्षांचे 200. दरवर्षी साधारण सारखीच पिल्लं येतात असं धरलं तर वर्षाला निम्मे मासे जातायत. हेच आकडे नैसर्गिक लॉगरिदममध्ये मांडले की सरळ उतरती रेष येते, तिचा उतार म्हणजे एकूण मृत्युदर, इथे 0.69 (हा लॉगरिदममधला दर, 69 टक्के नव्हे, वर्षाला निम्मे जाणं म्हणजेच 0.69). त्यातून नैसर्गिक मरण, म्हणजे रोग, म्हातारपण, मोठ्या माशाने खाल्लेले, समजा 0.3 वजा केलं की उरलेलं 0.39 आपल्या जाळ्यांचं. किती बोटी जाव्यात, जाळ्याचा आस, म्हणजे भोक, केवढा असावा, याचं गणित या आकड्यावर चालतं, आणि वय चुकलं की पुढचं सगळंच चुकतं.

तसं झालेलंही आहे. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियाजवळच्या खोल समुद्रात ऑरेंज रफी नावाचा मासा 1980 च्या दशकात भरभरून पकडला, अंदाज होता की तो फार तर तीसेक वर्षं जगत असेल. मग दगडातल्या किरणोत्सारी शिशाच्या मोजणीवरून कळलं की तो शंभरी ओलांडतो आणि अंडी घालण्याजोगं व्हायलाच त्याला वीस-तीस वर्षं लागतात. तोपर्यंत बरेच थवे संपले होते. "दर्या अथांग आहे, मासा संपत नाही" हे फक्त आपल्याकडेच म्हणतात असं नाही, थॉमस हक्सलीसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने 1883 मध्ये लंडनमध्ये कॉड माशाबद्दल हेच सांगितलं, आणि 1992 मध्ये कॅनडाला न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी बंद करावी लागली.

हा दगड उगाळून प्यायला की मुतखडा पडतो असंही सांगतात, खड्याला खडा. साफ चूक आहे. हा शिंपल्यासारखाच चुना, त्याने मुतखडा विरघळत नाही. पोटात कळ आली की डॉक्टरकडे जा, दगड मुलांना दाखवायला ठेवा.

आपल्या समुद्रात अडचण अशी की पाणी वर्षभर कोमट, त्यामुळे वर्षाचे पट्टे पुसट, म्हणून आपल्याकडे बरंचसं काम बंदरावर मासे मोजून लांबीवरून वयाचा नुसता अंदाज काढण्यावर चालतं. कडं खरंच रोजचं आहे का हे तपासायची एक सुंदर युक्ती आहे: टाकीतल्या माशाला ऑक्सिटेट्रासायक्लिनचं इंजेक्शन द्यायचं, ते त्या दिवसाच्या चुन्यात अडकतं आणि अतिनील प्रकाशात चमकतं. चाळीस दिवसांनी चमकत्या रेषेबाहेर चाळीस कडी भरली तर हिशोब बरोबर.

अलास्कात तर सामन माशाच्या हॅचरीत, म्हणजे अंडी उबवायच्या केंद्रात, अंड्यांचं पाणी ठरावीक दिवशी थोडं गरम-थंड करतात, त्याने दगडात बारकोडसारखे पट्टे उमटतात आणि पुढे समुद्रात पकडलेला मासा रानचा की हॅचरीचा हे डोकं कापून सांगता येतं. आपल्या खाड्यांत जिताड्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडायची असतील तर अशी खूण आधी करून सोडावीत असं मला फार वाटतं, म्हणजे तीन वर्षांनी बाजारात आलेल्या शंभर जिताड्यांपैकी सोडलेले किती आणि खाडीचे स्वतःचे किती, हे मोजून सांगता येईल.