हायब्रिडमधल्या दोन बॅटऱ्या: बंद पडते एक, धसका दुसरीचा

‘हायब्रिडची बॅटरी गेली’ या वाक्याची किंमत कधी चार-सहा हजार असते, तर कधी लाखाच्या पुढे. वाक्य मात्र तेच. कारण स्ट्राँग हायब्रिड गाडीत, म्हणजे जी इंजिनासोबत केवळ विजेवरही चालू शकते तिच्यात, बॅटऱ्या दोन असतात आणि आपण दोघींनाही नुसतं ‘बॅटरी’च म्हणतो.

आमच्या सोसायटीतले एक काका मागच्या गणपतीत वीस दिवस कोकणात होते. रेल्वेची तिकिटं मिळाली म्हणून गाडी पार्किंगमध्येच ठेवली होती. परत आले तर गाडी ढिम्म. किल्लीला दाद नाही, आतला दिवा लागत नाही. वॉचमनपासून दुसऱ्या मजल्यावरच्या इंजिनियरपर्यंत सगळ्यांचं निदान एकच: ‘हायब्रिड आहे ना, मोठी बॅटरी बसली. गेले लाख-दीड लाख!’ काकांनी घरातून वॉरंटीची फाईल आणली आणि ‘८ वर्षं’ या शब्दांवर बोट ठेवलं. ‘लाख कसले? फुकट बदलून देतील.’

दोन्ही बाजू चुकल्या. उतरली होती ती साधी १२ व्होल्टची बॅटरी. शेजारच्या गाडीला केबल लावल्यावर दहा मिनिटांत काकांची गाडी जागी झाली. पुढच्या महिन्यात ती बॅटरी बदलावी लागली, तीही पदरच्या पैशाने, कारण ८ वर्षांची ती वॉरंटी तिला लागूच नव्हती.

मोठी बॅटरी चाकं फिरवते. सीटखाली किंवा डिक्कीच्या तळाशी ती बंद पेटीत असते आणि तिच्यातून निघणाऱ्या जाड केबल नारिंगी असतात. इनोव्हा हायक्रॉसमध्ये निकेल-मेटल हायड्राइडचे १६८ सेल आहेत. एक सेल १.२ व्होल्टचा, म्हणजे एकूण २०१.६ व्होल्ट. अर्बन क्रूझर हायरायडर आणि तिची जुळी बहीण ग्रँड व्हिटारा यांच्या स्ट्राँग हायब्रिड आवृत्तीत लिथियम-आयनची बॅटरी आहे, ती १७७.६ व्होल्टची. ब्रेक मारताना किंवा उतारावर वाया जाणारी ऊर्जा ही बॅटरी साठवते आणि सिग्नलवरून निघताना परत देते. गाडीचा कॉम्प्युटर तिला कधी पूर्ण भरू देत नाही आणि कधी पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. मधल्या पट्ट्यातच खेळवत ठेवतो. मोबाइलची बॅटरी आपण शून्यावर नेतो, रात्रभर शंभरावर ठेवतो आणि दोन-तीन वर्षांत ती थकते. त्यावरून हायब्रिडच्या बॅटरीचं आयुष्य मोजणं म्हणूनच चुकीचं आहे.

छोटी बॅटरी आपल्या ओळखीची, साध्या गाडीत असते तशीच. फरक तिच्या कामात आहे. साध्या गाडीत ती स्टार्टर फिरवून इंजिन चालू करते. टोयोटाच्या पद्धतीच्या हायब्रिडमध्ये वेगळा स्टार्टरच नसतो. इंजिन फिरवायचं काम मोठ्या बॅटरीवर चालणारी मोटर करते. मग छोटीला काय उरतं? दरवाज्याची कुलुपं, दिवे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडीचे कॉम्प्युटर जागे करणं. ते जागे झाले की मोठ्या बॅटरीचे रिले (विजेवर चालणारे स्विच) जोडले जातात आणि डॅशबोर्डवर ‘रेडी’ उमटतं. थोडक्यात, तिजोरी मोठी असली तरी तिची किल्ली छोटीच्या हातात आहे. किल्ली हरवली तर तिजोरी भरलेली असूनही उपयोग नाही.

यातून एक गोची होते. साध्या गाडीत बॅटरी थकली की सकाळी सेल्फ मारताना इंजिन घुर्र... घुर्र... करत कुथतं आणि आपल्याला आठ-पंधरा दिवस आधी कळतं. हायब्रिडमध्ये छोटीवर एवढा भारच पडत नाही. त्यामुळे ती अगदी शेवटच्या दिवसापर्यंत निमूट काम करते आणि एका सकाळी पूर्ण बसते. धक्का मारून चालू करायची सोयही नाही, हायब्रिडला ते चालतच नाही. उलट उगाच ढकलण्याच्या नादात काहीतरी बिघडायचं.

आता वॉरंटी. घोळ इथेच होतो.

मोठ्या बॅटरीला भारतात टोयोटा ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यातलं जे आधी होईल तोवर वॉरंटी देते. होंडा सिटी ई-एचईव्हीलाही तेवढीच आहे. ‘जे आधी होईल’ हे तीन शब्दांचं कलम लोक वाचतात, पण हिशेब करत नाहीत. वर्षाला १०,००० किलोमीटर फिरणाऱ्या घरच्या गाडीची आठ वर्षं भरतील तेव्हा मीटर ८०,००० वर असेल, म्हणजे तिला वर्षं लागू. रोज २०० किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे १,६०,००० किलोमीटर ८०० दिवसांत संपतात, म्हणजे सव्वादोन वर्षांतच. तिच्यासाठी ‘८ वर्षं’ हे शब्द फक्त ब्रोशरपुरते. पुणे-मुंबई भाड्याने फिरवायला हायब्रिड घेणाऱ्यांनी हा गुणाकार आधी करावा, आणि व्यावसायिक वापराला वॉरंटी बुकात वेगळी अट आहे का तेही बघावं.

छोटीची गोष्ट निराळी. गाडी कंपनीच्या वॉरंटी बुकात टायर आणि १२ व्होल्टची बॅटरी बहुधा बाजूला काढलेली असतात. त्यांची जबाबदारी ज्या कंपनीने त्या बनवल्या तिच्याकडे. दुकानातून नवी बॅटरी घेतली तर तिच्या कार्डावर दोन आकडे असतात. त्यातला पहिला फ्री रिप्लेसमेंटचा, म्हणजे एवढ्या महिन्यांत बिघडली तर फुकट दुसरी. दुसरा प्रो-राटाचा, म्हणजे त्यानंतर बिघडली तर वापरलेल्या महिन्यांच्या हिशेबाने नव्या बॅटरीवर सूट. दुकानदार ‘चार वर्षं वॉरंटी’ म्हणतो तेव्हा त्यातली निम्मी अनेकदा प्रो-राटाची असतात, आणि शेवटच्या महिन्यांत मिळणारी सूट चहापाण्याइतकीच उरते. कार्डावर शिक्का, विक्रीची तारीख आणि बॅटरीचा सीरियल नंबर नसेल तर तेवढंही विसरा.

गाडीसोबत विकली जाणारी एक्स्टेंडेड वॉरंटी छोटीला वाचवेल अशी आशा नको. घासून झिजणाऱ्या, वापरून संपणाऱ्या वस्तूंच्या रांगेतच तिला बसवलेलं असतं.

मोठीच्या वॉरंटीतही एक बारकावा आहे. वॉरंटी असते ती बिघाडाची, म्हातारपणाची नाही. पूर्ण विजेवर चालणाऱ्या गाड्यांत ‘क्षमता अमुक टक्क्यांखाली गेली तर बदलू’ अशी रेघ पुष्कळदा असते. हायब्रिडमध्ये बहुधा अशी रेघ नसते. गाडीच्या कॉम्प्युटरने बिघाडाचा कोड नोंदवला, सर्व्हिस सेंटरने तपासून तो मान्य केला, तर दावा उभा राहतो. टोयोटा गाड्यांत ‘पी०ए८०’ हा कोड याच कामाचा. ‘पूर्वी २४ चं मायलेज मिळायचं, आता २१ मिळतं’ ही तक्रार खरी असली तरी तेवढ्यावर बॅटरी मिळत नाही. अपघात, पुराचं पाणी, बाहेर केलेली वायरिंगची कापाकापी यांमुळे झालेलं नुकसानही वॉरंटीबाहेर. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरासारख्या वेळी गाडीत पाणी शिरलं तर मदतीला येतो तो विमा. काही विमा कंपन्या हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांच्या बॅटरीसाठी वेगळं अॅड-ऑन (जादा पैसे भरून घ्यायचं संरक्षण) देतात. नदीकाठी राहणाऱ्याने, किंवा मुंबईत तळमजल्याखालच्या पार्किंगमध्ये गाडी ठेवणाऱ्याने ते घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

अमेरिकेतल्या नातेवाइकाचं ऐकून इथे वाद घालू नका. तिथे २०२० च्या मॉडेलपासून टोयोटा हायब्रिडच्या बॅटरीला १० वर्षं किंवा १,५०,००० मैल वॉरंटी देते. त्याआधी ती ८ वर्षं, १,००,००० मैल होती. आपल्याकडे तर ऑगस्ट २०२१ पूर्वी कॅमरी हायब्रिडच्या बॅटरीला ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर एवढीच होती. म्हणून जुनी कॅमरी स्वस्तात मिळतेय म्हणून उडी मारणाऱ्याने आजचं ब्रोशर बघू नये. त्या गाडीच्या विक्रीच्या तारखेचं वॉरंटी बुक मागावं.

दोघींतली कोण रुसली हे बऱ्याचदा घरबसल्या ओळखता येतं. गाडी उघडतच नाही, दिवे मंद आहेत, बटण दाबल्यावर डॅशबोर्ड फडफडतो, एकदम सात-आठ इशारे लागतात आणि ‘रेडी’ काही येत नाही: संशय छोटीवर घ्या. याउलट गाडी नीट सुरू होते पण चालवताना ‘चेक हायब्रिड सिस्टिम’ झळकतं, चार्जच्या काड्या चढावर झरझर उतरतात आणि लगेच भरतात, इंजिन बंदच होत नाही, मागच्या सीटजवळचा पंखा घोंघावतो: तेव्हा मोठीकडे बघा. मात्र छोटी कमजोर असली तरी कॉम्प्युटर गोंधळून हायब्रिड सिस्टिमचा खोटा इशारा देऊ शकतो. म्हणून मोठीचं कोटेशन हातात येण्याआधी छोटीचं टेस्टिंग करून घ्या. कुठल्याही बॅटरीवाल्याकडे ते पाच मिनिटांचं काम आहे.

छोटी उतरली असेल तर दुसऱ्या गाडीची १२ व्होल्टची बॅटरी जोडून जंप स्टार्ट करता येतं. केबल उलटी लागली तर मात्र महागातले इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात, तेव्हा प्लस-मायनस दोनदा बघा. आपल्या हायब्रिडने दुसऱ्याची गाडी जंप करून देण्याचं पुण्य शक्यतो टाळा, मॅन्युअल बहुधा नाहीच म्हणतं. काही मॉडेलांत छोटी मागे डिक्कीत असते. आता बॅटरी उतरलेली आणि डिक्कीचं कुलूप विजेवर चालणारं! यासाठीच प्रियससारख्या गाड्यांत बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये जंपचं टर्मिनल दिलंय. दरवाजा उघडायला रिमोटच्या पोटात लोखंडी किल्ली लपलेली असते, ती एकदा काढून बघून ठेवा.

गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा ‘रेडी’ करून अर्धा-पाऊण तास ठेवायची, मोकळ्या हवेत. नुसतं बटण दाबून गाणी ऐकत बसलात तर छोटी भरत नाही, उलट उतरते. कारण हायब्रिडमध्ये अल्टरनेटर, म्हणजे साध्या गाडीत इंजिनावर फिरून बॅटरी भरणारं यंत्र, नसतो. मोठीतली वीज कमी व्होल्टेजची करून छोटीला पोचते, आणि तेही ‘रेडी’ असतानाच.

बदलायची वेळ आली तर छोटीचा मामला सोपा. फक्त जी बॅटरी केबिनमध्ये किंवा डिक्कीत बसते ती पुष्कळदा एजीएम जातीची (आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषून ठेवलेली) असते आणि तिला वायू बाहेर सोडणारी नळी जोडलेली असते. त्या जागी ‘साहेब, हीच चालते’ म्हणत साधी बसवून घेऊ नका. जुनी परत दिली की शिशाच्या भंगाराचे पैसे बिलातून वजा होतात, ते मागून घ्या.

मोठीचे पर्याय कागदावर चार. कंपनीचा नवा पॅक, दुरुस्त केलेला पॅक, तुटलेल्या गाडीतून काढलेला पॅक, किंवा बिघडलेलं मॉड्यूल, म्हणजे सेलचा एक गठ्ठा, तेवढं बदलणं. वॉरंटीत असताना निवड तुमची नसते, कंपनी देईल ते. आणि बदलून मिळालेल्या पॅकला बहुधा उरलेल्या मुदतीचीच वॉरंटी असते, नवी ८ वर्षं सुरू होत नाहीत. वॉरंटी संपल्यावरचा बाजार अमेरिकेत जुन्या प्रियसच्या जिवावर उभा राहिला. घरी येऊन पॅक बदलून देणारेही तिथे आहेत. आपल्याकडे सिटी ई-एचईव्ही, हायरायडर, ग्रँड व्हिटारा, हायक्रॉस या सगळ्या २०२२ मध्ये आल्या. त्यांच्यातल्या पहिल्या गाड्यांची ८ वर्षं २०३० मध्ये भरतील. तोवर वॉरंटीबाहेर पडणाऱ्या मुख्यतः जास्त पळणाऱ्याच गाड्या, त्यामुळे जुन्या पॅकचा विश्वासाचा बाजार इथे अजून आकारालाच आलेला नाही.

एखादं मॉड्यूल बदलण्याचा स्वस्त मार्ग मला पटत नाही. सगळी मॉड्यूल एकाच वयाची, एकाच उन्हाळ्यातून गेलेली. एक मेलं म्हणजे बाकीची ठणठणीत आहेत असं नव्हे. त्यांच्यात एक ताजं घुसवलं की जोडी जमत नाही आणि सहा महिन्यांनी दुसरं मान टाकतं. मजुरी परत नव्याने. शिवाय दोनशे व्होल्टच्या आसपासचा हा मामला आहे, नारिंगी केबलला रबरी हातमोज्यांशिवाय हात लावणारा गॅरेजवाला कितीही भरवशाचा असला तरी त्याला थांबवा.

मोठीचं आयुष्य वाढवायला आपल्या हातात एक गोष्ट आहे आणि तीच सगळे विसरतात. अनेक हायब्रिडमध्ये तिला थंड ठेवायला केबिनमधलीच हवा लागते. मागच्या सीटजवळ जाळी असते, तिथून पंखा हवा ओढतो. त्या जाळीवर चादर, पिशव्या, भाजीची क्रेट ठेवली किंवा धूळ आणि कुत्र्याचे केस साचले की बॅटरी तापते. विदर्भातल्या मे महिन्यात तर विचारूच नका. सर्व्हिसिंगच्या वेळी ‘बॅटरीचा फिल्टर साफ केला का?’ हे विचारा आणि जॉब कार्डवर लिहून घ्या. उद्या दाव्याच्या वेळी देखभालीचा प्रश्न निघालाच तर तो कागद बोलेल.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी आणखी एक जाळं. मागच्या दारावर ‘हायब्रिड’ लिहिलंय म्हणून ८ वर्षं गृहीत धरू नका. मारुतीच्या २०१८ नंतरच्या पेट्रोल सियाझ आणि एर्टिगाही ‘स्मार्ट हायब्रिड’च, पण माइल्ड. त्यांच्यातली दुसरी बॅटरी लिथियमची असली तरी १२ व्होल्टचीच, इंजिनाला टेकू देणारी. गाडी केवळ विजेवर चालवणं हे तिचं कामच नाही. ग्रँड व्हिटारा तर एकाच नावाने माइल्डही मिळते आणि स्ट्राँगही. दलाल ‘बॅटरीला आठ वर्षं आहेत’ म्हणाला की विचारायचं, कोणत्या बॅटरीला? मग पहिल्या विक्रीची तारीख, मीटर आणि सर्व्हिस रेकॉर्ड जुळवून बघायचं, आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चासी नंबर देऊन किती मुदत उरली आहे ते सौद्याआधी लेखी मागायचं.