लाइट डिप्परवर, तरी समोरचा आंधळा

मागच्या मे महिन्यात मोटारसायकलवर कराडहून चिपळूणला निघायला उशीर झाला. मागे बायको, कॅरिअरला दोन जड पिशव्या. कुंभार्ली घाटाच्या अलीकडेच अंधार पडला आणि समोरून येणारा जो तो मला अप्पर, म्हणजे लांब जाणारा झोत, मारू लागला. मी अंगठ्याने बटण पुन्हा पुन्हा चाचपलं. लाइट डिप्परवरच, म्हणजे खाली झुकलेल्या झोतावरच होता. मग ही माणसं चिडत का होती?

आपल्याकडच्या कितीतरी मोटारसायकलींत 35/35 वॅटचा हॅलोजन बल्ब असतो. हे दोन आकडे म्हणजे बल्बातल्या दोन तारा, एक अप्परची आणि एक डिप्परची. आकडे सारखेच आहेत, म्हणजे डिप्पर हा काही मिणमिणता अप्पर नव्हे. फरक आहे तो तार कुठे बसवली आहे याचा. अप्परची तार हेडलाइटमधल्या अंतर्वक्र आरशाच्या नाभीपाशी, म्हणजे समांतर किरण जिथे एकवटतात त्या बिंदूपाशी असते, त्यामुळे किरण जवळपास समांतर होऊन सरळ लांब जातात. डिप्परची तार नाभीच्या किंचित पुढे असते आणि तिच्याखाली धातूची इवलीशी वाटी असते. आरशाच्या खालच्या अर्ध्या भागावर पडून वर उसळला असता तो उजेड ही वाटी अडवते. उरलेला वरच्या अर्ध्या भागावर आपटून रस्त्याकडे झुकतो. सगळा खेळ मिलिमीटरांचा आहे.

म्हणूनच हॅलोजनसाठी घडवलेल्या हेडलाइटमध्ये बाजारातला एलईडी बल्ब नुसता खोचला की बहुतेक वेळा घोटाळा होतो. त्यातल्या उजेड देणाऱ्या चकत्यांचा आकार आणि जागा मूळ तारेशी तंतोतंत जुळत नाही. चाकापुढचा रस्ता पांढराशुभ्र उजळतो, चालवणारा खूश होतो, आणि उरलेला उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

माझा बल्ब मात्र मूळचाच होता. गडबड होती ती गाडीच्या बसण्यात. डिप्परची वरची कड साधारणपणे दर 10 मीटरला 10 सेंटिमीटर खाली उतरेल अशी ठेवतात. आता मागे माणूस आणि सामान आलं. मागचे शॉकॲब्सॉर्बर पुढच्यापेक्षा फक्त 3 सेंटिमीटर जास्त दबले असं धरू. दोन चाकांमधलं अंतर 1.3 मीटर असेल, तर गाडीचं नाक वर उचललं जातं आणि उजेड दर 10 मीटरला 23 सेंटिमीटर वर चढतो. 10 खाली, 23 वर. म्हणजे 13 सेंटिमीटर वरच. जमिनीपासून 85 सेंटिमीटरवर असलेल्या हेडलाइटचा हा उजेड 40 मीटरवर 1.4 मीटर उंचीला पोचतो. समोरच्या दुचाकीवाल्याचे डोळे जवळपास तिथेच असतात! तीन सेंटिमीटरांनी माझ्या डिप्परचा अप्पर करून टाकला होता.

डोळ्यांत उजेड गेला की नेमकं काय होतं? नेत्रभिंग आणि आतला द्रव काचेसारखे निखळ पारदर्शक नसतात. तीव्र उजेड आत विखुरतो आणि डोळ्याच्या आतल्या पडद्यावर धुकट पांढरा थर पसरतो. त्यामागे सायकलवाला, बैल, खड्डा सगळं बुडून जातं. वय वाढतं, मोतीबिंदू उतरू लागतो, तसा हा थर आणखी दाट होतो. 1920च्या दशकात हॉलाडे आणि स्टाइल्स या संशोधकांनी त्याचं गणित मांडलं. डोळ्यांवर पडणारा उजेड जितका जास्त तितका थर दाट. आणि आपली नजर व तो दिवा यांतला कोन निम्मा झाला की थर चौपट दाट.

या गणितातून निघणारी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. समोरची गाडी दुप्पट अंतरावर असेल तर तिचा उजेड चौथाई होतो, पण कोनही निम्मा होतो. चौथाई गुणिले चार, म्हणजे ढोबळमानाने आंधळेपणा तेवढाच! सरळ रस्त्यावर 50 मीटरवरचा अप्पर आणि 100 मीटरवरचा अप्पर जवळपास सारखाच त्रास देतात. ‘अजून लांब आहे, जवळ आला की डिप्पर करू’ हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. 50 किलोमीटरच्या वेगात दोन सेकंद काही दिसलं नाही, तर माणूस 28 मीटर आंधळा जातो.

अप्पर वाईट नाही. मोकळ्या, काळ्याकुट्ट रस्त्यावर 60च्या वेगाला तो लागतोच, कारण ब्रेक दाबायचं सुचून गाडी थांबेपर्यंत 45-50 मीटर सहज जातात. धुक्यात मात्र तो उलटतो. पाण्याचे कण तोच उजेड आपल्याकडे परत फेकतात. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाक्यांचा हेडलाइट दिवसाही आपोआप चालू राहतो, आणि भर दुपारी अप्पर ठेवून हिंडणारे खूप दिसतात. त्या झगमगाटात शेजारचा इंडिकेटर दिसत नाही आणि गाडी वळणार हे समोरच्याला कळत नाही.

घरी आल्यावर सपाट जागी भिंतीपासून 10 मीटरवर गाडी उभी केली. हेडलाइटच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर खडूने एक रेघ मारली आणि तिच्याखाली 10 सेंटिमीटरवर दुसरी. मी बसलो, बायकोला पिशव्यांसकट मागे बसवलं आणि डिप्पर लावला. उजेडाची कड वरच्या रेघेच्याही वर वीतभर चढली होती. हेडलाइटचा स्क्रू फिरवत ती खालच्या रेघेवर आणायला दहा मिनिटं लागली. बायको उतरली तशी कड झरकन खाली गेली, म्हणून एकट्याने जातानासाठी स्क्रूची जुनी जागा रंगाच्या ठिपक्याने खूण करून ठेवली आहे.